महासीर, कुबडा
सिप्रिनिडी मत्स्यकुलातील गोड्या पाण्यातील एक मोठा मासा. याचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असून तो केवळ कावेरी व तिच्या उपनद्यांत आढळतो. डोक्यावर व मानेच्या भागी असलेला कुबडासारखा उंचवटा आणि नारिंगी झाक असलेले पर ही त्याची ठळक लक्षणे होत.

एकोणिसाव्या शतकापासून गळाने मासे पकडणाऱ्यांना हा मासा परिचित होता. १९४६ मध्ये कबिनी नदीत पकडलेल्या माशाचे वजन १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) भरले. तरीही त्याची शास्त्रीय ओळख दीर्घकाळ अनिश्चित राहिली. महासीर माशांच्या जाती दिसण्यात सारख्या असतात. शिवाय वय व परिस्थिती यांनुसार एकाच जातीतील माशांचे रंग, ओठ व शरीराची ठेवण बदलते. विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधील एका माशास दिलेले ‘मुसुल्ला’ हे नाव पुढे कुबड्या महासीरालाही लावले गेले. परंतु सायक्स यांचा मासा हिप्सेलोबार्बस या निराळ्या वंशातील असल्याचे फेरतपासणीत आढळले.

केरळमधील पांबार या कावेरीच्या खोऱ्यातील नदीत मिळालेल्या लहान माशांवरून २००७ मध्ये टॉर रेमादेवी या जातीचे वर्णन करण्यात आले. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या गौरवार्थ हे नाव दिले आहे. हे लहान मासे व प्रचंड कुबडा महासीर एकाच जातीचे आहेत, हे शरीररचना व डीएनए यांच्या तौलनिक अभ्यासावरून २०१८ मध्ये सिद्ध झाले.

या विलंबाचे परिणाम गंभीर झाले. सायक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतून वर्णिलेला नीलपर महासीर (टॉर खुद्री) याची लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात पैदास होऊ लागली व त्याचे बीज कावेरीतही सोडले गेले. १९९८ ते २०१२ या काळातील गळ-मासेमारीच्या नोंदींनुसार कावेरीत सापडणाऱ्या महासीर माशांची एकूण संख्या वाढत गेली. मात्र ही वाढ नीलपर महासीराची होती आणि कुबडा महासीर जवळजवळ नाहीसा झाला. सर्वांची गणना ‘महासीर’ या एकाच नावाखाली केल्यास हा ऱ्हास झाकला जातो. शास्त्रीय ओळख निश्चित झाल्यावर, २०१८ मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या जातीचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला.