हसऱ्या मुलाचे चित्र आणि एका आजाराचे नाव

इटलीतील व्हेरोना शहरात कास्तेलवेक्किओ नावाचा जुना किल्ला आहे. आज तिथे संग्रहालय आहे. या संग्रहालयात सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे, एका लहान मुलाचे तैलचित्र आहे. तांबूस, लांब केसांचा हा मुलगा बघणाऱ्याकडे तोंड वळवून मनापासून हसतो आहे. हातातला कागद त्याने पुढे धरला आहे आणि त्यावर लहान मुले काढतात तसे माणसाचे चित्र आहे: गोल डोके, काडीसारखे हातपाय. ‘बघा, मी काय काढलंय!’ असेच जणू तो सांगतो आहे. चित्रकाराचे नाव जोव्हानी फ्रान्चेस्को कारोतो. मुलगा कोण होता, हे मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

त्या काळातील व्यक्तिचित्रांत माणसे सहसा गंभीर चेहऱ्याने बसलेली दिसतात. असे खळखळून हसणारे मूल दुर्मीळच. म्हणून कलेच्या अभ्यासकांना या चित्राचे कौतुक आहे. पण बालरोगतज्ज्ञ ते ओळखतात वेगळ्याच कारणाने. मेंदूच्या वाढीशी संबंधित एक दुर्मीळ जनुकीय आजार वैद्यकाच्या नजरेत आला, त्यात या चित्राचा वाटा आहे.

तीन मुले आणि एक चित्र

डॉ. हॅरी एंजलमन हे इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील बालरोगतज्ज्ञ. वेगवेगळ्या वेळी त्यांच्याकडे तीन मुले दाखल झाली. तिघांचे घर वेगळे, दाखल होण्याचे कारणही वेगळे. तरी डॉक्टरांना त्यांच्यात विलक्षण साम्य दिसले. तिघांची वाढ मागे पडली होती, बोलणे फुटलेले नव्हते. चालताना तोल जाई, हातपाय झटक्याझटक्याने हलत. फिट येत. आणि तिघेही वारंवार, साध्याशा कारणानेही हसत.

हा एकच आजार असावा, असे एंजलमन यांना वाटे. पण सिद्ध करायला त्या काळात चाचणी नव्हती. त्यामुळे लिहावे की नाही, असा त्यांना संकोच होता. पुढे इटलीत सुट्टीवर असताना त्यांनी कास्तेलवेक्किओतले हे चित्र पाहिले. त्या मुलाचा हसरा चेहरा आणि आपल्या रुग्णांच्या कळसूत्री बाहुलीसारख्या हालचाली यांची त्यांच्या मनात सांगड बसली. परतल्यावर त्यांनी लेख लिहिला. १९६५ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकात त्यांनी या मुलांना ‘बाहुली मुले’ म्हटले.

१९६७ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी ‘आनंदी बाहुली’ असा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. डॉक्टरांच्या लक्षात राहायला तो सोपा होता, पण आपल्या लेकराला कुणी बाहुली म्हणावे, हे कोणत्या आईबापाला रुचेल? १९८२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी हे नाव सोडून ‘एंजलमन सिंड्रोम’ असे म्हणावे, असे सुचवले. आज तेच नाव वापरले जाते.

चित्रातल्या मुलाला हाच आजार होता का? काहींनी तसा तर्क केला आहे. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावरून निदान करता येत नाही. शिवाय ज्या मुलाने स्वतः काढलेले चित्र हाती धरले आहे, त्याच्याविषयी असे म्हणणे अवघडच. कारण या आजारात बोटांची बारीक कामे बहुतेक मुलांना जमत नाहीत. चित्राने निदान केले नाही. विखुरलेल्या तीन मुलांकडे एकत्र पाहण्याचे धैर्य तेवढे एका डॉक्टरला दिले.

जनुक एक, नियम वेगळा

कारण सापडायला आणखी बरीच वर्षे गेली. १९८७ मध्ये अशा काही मुलांच्या १५ क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गायब असल्याचे आढळले. १९९७ मध्ये नेमके जनुक सापडले. त्याचे नाव यूबीई३ए.

आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सहसा दोन्ही काम करतात. यूबीई३ए मात्र वेगळे आहे. मेंदूच्या चेतापेशींत त्याची फक्त आईकडून आलेली प्रत काम करते. वडिलांकडची प्रत निसर्गतःच गप्प असते. त्यामुळे आईकडची प्रत नसेल किंवा बिघडलेली असेल, तर तिची जागा घ्यायला दुसरी उरत नाही. सुमारे ७० टक्के मुलांत तो तुकडाच गळालेला असतो. सुमारे १० टक्के मुलांत जनुकात दोष असतो. थोड्या मुलांत १५ क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रे वडिलांकडूनच आलेली असतात.

‘आईकडची प्रत’ हे शब्द ऐकले की आपल्या घरांत काय होते, हे सांगायला नको. सुनेकडे बोट दाखवले जाते. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली होती का, याची उजळणी सुरू होते. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे की, तुकडा गळणे हा बहुतेक वेळा बीजपेशी तयार होतानाचा निव्वळ योगायोग असतो. खाणे, काम, ग्रहण, दृष्ट यांचा त्याच्याशी संबंध नाही. जिथे जनुकातला दोष आईकडून येतो, तिथेही आई स्वतः निरोगी असते. तिला तो तिच्या वडिलांकडून मिळालेला असू शकतो. ती प्रत तिच्या मेंदूत गप्पच राहते, म्हणून तिला त्रास होत नाही आणि पत्ताही लागत नाही. यात दोषी कुणीच नसते.

हसू फसवते

जगभरात साधारण १२ ते २० हजारांत एकाला हा आजार असतो, असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. या दराने हिशेब केला, तर एकट्या या जिल्ह्यात ३०० ते ५०० जण असू शकतात. हा हिशेब ढोबळ आहे. पण ‘दुर्मीळ’ म्हणजे ‘आपल्याकडे नाही’ असे नव्हे, हे त्यातून कळते.

ही मुले ओळखू यायला उशीर होतो. जन्माच्या वेळी सहसा काही वेगळे दिसत नाही. सहा महिने ते वर्षभराच्या दरम्यान मूल मागे पडते आहे, हे जाणवू लागते. पण बाळ हसरे असते, माणसांत रमते. ‘किती गुणी बाळ आहे, बोलेल हळूहळू, याचे काकाही उशिराच बोलले होते,’ असे म्हणत घरचे वाट पाहतात. पुढे सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा नुसतेच ‘गतिमंद’ असा शिक्का बसतो आणि तपास तिथेच थांबतो.

लक्ष ठेवण्याजोग्या गोष्टी अशा: बसणे, चालणे खूप लांबणे, बोलणे जवळजवळ न येणे, चालताना पाय फाकणे, हात वर उचललेले राहणे, सतत हसू आणि आनंदात हात फडफडवणे, झोप फार कमी, पाण्याचे विलक्षण वेड, दोन वर्षांपर्यंत डोक्याचा घेर वयाच्या मानाने लहान राहणे. ८० टक्क्यांहून अधिक मुलांना फिट येतात, बहुतेकांना तीन वर्षांच्या आत. यातले एखादे लक्षण अनेक निरोगी मुलांतही असते. अनेक लक्षणे एकत्र दिसली, तर मात्र तपासणी करावी.

निदान रक्ताच्या जनुकीय चाचणीने होते. सुरुवातीला मिथायलेशन चाचणी करतात. तिच्यात सुमारे ८० टक्के रुग्ण सापडतात. उरलेल्यांसाठी जनुकाची थेट तपासणी करावी लागते. गुणसूत्रांची साधी चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून हा आजार नाही, असे समजू नये.

नाव कळून काय होते?

हा आजार बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. वडिलांकडची गप्प प्रत जागी करता येईल का, याच्या मानवी चाचण्या परदेशांत सुरू आहेत. मग नाव कळून उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतात.

पहिला उपयोग फिटच्या उपचारात. कार्बामाझेपिनसारख्या काही नेहमीच्या औषधांनी या मुलांच्या फिट वाढू शकतात. निदान माहीत असेल, तर डॉक्टर औषध विचारपूर्वक निवडतात. चालू असलेले औषध मात्र पालकांनी स्वतःहून कधीही बंद करू नये.

दुसरा उपयोग पुढच्या बाळाच्या निर्णयात. तुकडा गळाला असेल, तर पुढच्या मुलाला आजार होण्याची शक्यता सहसा १ टक्क्याहून कमी असते. आईकडून जनुकदोष आला असेल, तर ती ५० टक्के असते. नेमका प्रकार कळल्याशिवाय हे सांगता येत नाही.

तिसरा उपयोग रोजच्या जगण्यात. या मुलांना बोलता येत नसले, तरी बोललेले त्यांना आपल्याला वाटते त्याहून बरेच जास्त समजते. चित्रांचे तक्ते, खुणा, टॅबलेट यांच्या मदतीने अनेक मुले भूक, तहान, नको, हवे हे सांगायला शिकतात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि संवादाचे शिक्षण जितक्या लवकर सुरू होईल, तितका फायदा अधिक. या व्यक्तींचे आयुर्मान जवळजवळ सर्वसाधारण असते. म्हणजे प्रश्न चार-पाच वर्षांचा नाही, जन्मभराच्या सोबतीचा आहे.

सुरुवात कुठे करायची? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांची मोफत तपासणी करतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरील आईला आशा ताई आणि अंगणवाडी सेविकेमार्फत या पथकापर्यंत पोहोचता येते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र मिळाले की सवलतींचा मार्ग खुला होतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

कारोतोच्या चित्राचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. नोव्हेंबर २०१५ मध्ये चोरट्यांनी कास्तेलवेक्किओतून १७ चित्रे पळवली, त्यात हेही होते. मे २०१६ मध्ये ती युक्रेनमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सापडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हेरोनाला परतली. हसरा मुलगा पुन्हा आपल्या जागी आहे. दरवर्षी १५ फेब्रुवारीला जगभर एंजलमन दिन पाळला जातो. आपल्या शेजारचे एखादे मूल हसरे आहे, पण बोलत नाही, चालत नाही असे दिसले, तर ‘होईल हळूहळू’ म्हणण्याऐवजी त्याच्या घरच्यांना बालरोगतज्ज्ञांचा रस्ता दाखवावा.