अप्पर कॅनडा व्हिलेज : धरणग्रस्त वास्तूंवरची रोषणाई

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर तीरावर, मॉरिसबर्ग या गावाजवळ असलेले 'अप्पर कॅनडा व्हिलेज' हे ग्रामसंग्रहालय १८६० च्या दशकातील खेड्याचे दर्शन घडवते. ग्रामसंग्रहालयात जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडलेल्या नसतात. घरे, गिरण्या, दुकाने आणि चर्च अशा सबंध वास्तूच तेथे उभ्या केलेल्या असतात आणि त्या काळचा पोशाख केलेले कारागीर त्यांत प्रत्यक्ष काम करताना दिसतात. येथील लाकूड कापण्याची गिरणी पाण्याच्या बळावर चालते, लोकरीच्या गिरणीत घोंगड्या विणल्या जातात आणि पिठाच्या गिरणीतले पीठ गावच्या भट्टीत पावासाठी वापरले जाते. उन्हाळ्यातला हा व्याप थंडीत आवरता घेतला जातो. मात्र २००१ पासून नाताळच्या सुमारास येथे 'अलाइट ॲट नाइट' नावाचा रोषणाईचा उत्सव भरू लागला असून दहा लाखांच्या घरातील दिव्यांनी हे खेडे उजळते. विजेचा दिवा माहीत नसलेल्या काळाचे चित्र उभे करणाऱ्या संस्थेने विजेचा असा मुक्त वापर करावा ही विसंगती प्रथमदर्शनी खटकते. परंतु या संस्थेच्या जन्माची हकिकत पाहिली म्हणजे वीज येथे उपरी नाही, हे ध्यानात येते.

विसाव्या शतकाच्या मध्यास कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांनी मिळून सेंट लॉरेन्स नदीवर एक प्रचंड प्रकल्प हाती घेतला. समुद्रावरील मोठी जहाजे थेट पंचमहासरोवरांपर्यंत जावीत आणि नदीच्या वेगवान प्रवाहापासून वीज मिळावी, असे त्याचे दोन हेतू होते. १९५४ साली कामास आरंभ झाला आणि कॉर्नवॉल व मसिना या दोन गावांच्या दरम्यान ३२ जनित्रांचे वीजगृह असलेले धरण उभे राहिले; त्यांपैकी १६ जनित्रे कॅनडाच्या आणि १६ अमेरिकेच्या वाट्याला आली. १ जुलै १९५८ रोजी, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय दिनीच, सकाळी तात्पुरता बांध सुरुंगाने उडवण्यात आला आणि पुढील काही दिवसांत धरणाच्या पोटात पाणी चढत गेले. ऑन्टारियोच्या बाजूची मूलिनेट, मील रोश, वेल्स, ऑल्ट्सव्हिल यांसारखी दहा वसतिस्थाने त्याखाली गेली. त्यांना पुढे 'लॉस्ट व्हिलेजेस', अर्थात हरवलेली गावे, असे सामुदायिक नाव मिळाले. सुमारे साडेसहा हजार माणसे विस्थापित झाली आणि त्यांच्यासाठी इंगलसाइड व लाँग सो ही नवी गावठाणे आखण्यात आली.

या पुनर्वसनात पाचशेहून अधिक घरे न मोडता, अखंड उचलून नव्या जागी नेण्यात आली. त्यासाठी माणसापेक्षाही उंच चाकांचे एक अजस्र वाहन वापरले गेले. घराखाली पोलादी तुळया सरकवून ते सबंध पायावरून अलगद उचलायचे आणि संथ गतीने नव्या जोत्यावर नेऊन ठेवायचे, अशी ही पद्धत होती, आणि ती इतकी हळुवार होती की कपाटातील चिनी मातीची भांडी बाहेर काढण्याचीही गरज पडत नसे. इतिहासदृष्ट्या मोलाच्या वास्तू मात्र राहण्याजोग्या घरांपासून वेगळ्या काढून एके ठिकाणी आणण्यात आल्या, आणि १९६१ साली हे ग्रामसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले; त्यांच्या जोडीला बुडीत क्षेत्राबाहेरील, उदाहरणार्थ नॉर्थ ऑगस्टा येथील पिठाची गिरणी व ओडेसा येथील लोकरीची गिरणी, अशाही इमारती आणण्यात आल्या. मूलिनेट येथे १८३७ मध्ये बांधलेले लाकडी ख्राइस्ट चर्च आज येथे उभे आहे. बुडालेल्या दफनभूमींतील थडग्यांचे दगडही शेजारच्या स्मारकाच्या भिंतींत बसवलेले आहेत.

ज्या दशकाचे हे खेडे चित्रण करते, त्या दशकात प्रकाश ही काटकसरीने वापरण्याची वस्तू होती. जनावरांची चरबी वितळवून साच्यात ओतलेल्या मेणबत्त्या घरोघरी जळत, आणि त्यांच्या बरोबरीने रॉकेलचा दिवा नुकताच येऊ लागला होता, कारण ऑन्टारियोतील ऑइल स्प्रिंग्ज येथे खनिज तेलाची विहीर १८५८ साली लागली होती. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयोग त्यानंतर दोन तपांनी, १८८२ साली, न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी केला. त्यांच्या झाडावर ८० दिवे होते आणि ते झाड स्वतःभोवती फिरत असे.

आजच्या रोषणाईचा कणा असलेला एलईडी दिवा हा तारेऐवजी अर्धवाहकाच्या सूक्ष्म स्फटिकातून प्रकाश देतो. जुन्या धर्तीचा सजावटीचा एक मोठा बल्ब सात वॅटपर्यंत वीज घेत असे, तर त्याच कामाच्या एलईडीला वॅटचा अंशही पुरतो. त्यामुळेच दहा लाख दिव्यांची कल्पना खर्चाच्या आवाक्यात येते. त्याचा आणखी एक परिणाम हिमप्रदेशातच दिसतो : हे दिवे फारसे तापत नसल्याने त्यांवर पडलेला बर्फ वितळत नाही, आणि झाडीवर गुंडाळलेल्या माळा बर्फाच्या पातळ थराआडून रंगीत दिसतात. इमारतींवर माळा लावताना छपराचा आढा, पाखे, खिडक्यांच्या चौकटी आणि ओसरीचे खांब यांच्या कडा धरल्या जातात. परिणामी काळोखात भिंत लोपते, फळ्यांचा पोत आणि रंग नाहीसे होतात आणि उरते ती केवळ वास्तूची आकृती, जणू स्थापत्यकाराने कागदावर काढलेले रेखाटन.

आरंभीची वर्षे प्रेक्षक हा देखावा पायी किंवा घोडागाडीतून फिरून पाहत. परंतु २०२० साली कोविडच्या साथीमुळे तो मोटारीत बसून पाहण्याची व्यवस्था करण्यात आली. उत्तर अमेरिकेत असे देखावे अनेक उद्यानांत भरतात आणि त्यांची शिस्त ठरलेली असते : वाट एकेरी, वेग चालत्या माणसाएवढा आणि पुढचे दिवे बंद. कॅनडात हा शेवटचा नियम पाळणे काहीसे अवघड ठरते, कारण १९९० पासून तेथे नव्या मोटारींना दिवसाही आपोआप पेटणारे दिवे सक्तीचे आहेत आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू असताना ते सहजासहजी विझत नाहीत. शिवाय घोडागाडीच्या रुंदीच्या बेताने आखलेल्या खेड्यात मोटारींची रांग आणणे म्हणजे काळाचा क्रमच उलटवणे होय. काचेआडून भट्टीचा वास येत नाही, पायाखालचा बर्फ करकरत नाही आणि कोणत्याही दारात थबकता येत नाही. दुसऱ्या बाजूने, वृद्धांना, तान्ह्या मुलांच्या आईवडिलांना आणि अपंगांना कडाक्याच्या थंडीतही हा देखावा सुखाने पाहता येतो, हा लाभ लहान नाही.

देखावा पायी पाहिला काय किंवा मोटारीतून पाहिला काय, विसंगतीचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. रोषणाईमुळे १८६० च्या दशकाचे चित्र पुसले जाते, हा आक्षेप योग्य आहे; पण ते चित्र स्वतःच १९५० च्या दशकाने घडवले आहे आणि नेहमीच्या मांडणीत, नांगर, चरखा आणि भट्टी यांच्या सान्निध्यात, हीच गोष्ट झाकली जाते. या वास्तू आपापल्या जागी टिकल्या नाहीत. टिकवण्यासाठी त्या हलवाव्या लागल्या, आणि बुडीत क्षेत्रातल्या हलवाव्या लागल्या त्या मोठ्या प्रमाणात विजेपायी. हिवाळ्यात विजेच्या उजेडात उभे असलेले मूलिनेटचे चर्च संग्रहालयाचा हा दुसरा, अलीकडचा इतिहास उघड करते. त्या उजेडाशेजारी धरणाची आणि बुडालेल्या गावांची माहिती देणारा फलक लावला गेला, तर करमणुकीसाठी आलेल्या प्रेक्षकालाही तो इतिहास वाचता येईल आणि विसंगतीचा आक्षेप बऱ्याच अंशी निकालात निघेल.