व्हिडिओ गेम-उद्योगातील नवप्रवर्तन व जोखीम
व्हिडिओ गेमच्या निर्मितीत नवी कल्पना, नवी कथापद्धती किंवा खेळण्याची नवी रीत आणणे म्हणजे नवप्रवर्तन होय. मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने त्यात विशेष जोखीम असते. मोठ्या खेळाच्या निर्मितीत शेकडो कलावंत व तंत्रज्ञ अनेक वर्षे गुंतलेले असतात. खेळाडूंचा कौल मात्र बहुतांश खर्च होऊन गेल्यावर मिळतो. त्यामुळे यशस्वी खेळांचे पुढचे भाग काढण्याकडे किंवा जुने खेळ नव्या रूपात आणण्याकडे कंपन्यांचा कल असतो.

जपानच्या सेगा कंपनीचा शेनमू (१९९९) हे या जोखमीचे ठळक उदाहरण होय. बदलते हवामान आणि स्वतःच्या दिनक्रमानुसार वावरणारी पात्रे यांमुळे तो पुढील खेळांना मार्गदर्शक ठरला. दिग्दर्शक यू सुझुकी यांच्या सांगण्यानुसार त्यास सु. ४.७ कोटी डॉलर खर्च आला. तो ज्या ड्रीमकास्ट यंत्रासाठी होता, त्याचे उत्पादन कंपनीने २००१ मध्ये थांबविले. उलटपक्षी, हातवाऱ्यांनी खेळता येणारे निन्टेन्डोचे वी हे यंत्र (२००६) १० कोटींहून अधिक विकले गेले. त्यानंतरच्या वी यू (२०१२) या यंत्राची विक्री मात्र १.४ कोटींच्या आतच राहिली.

नावीन्य टाळल्यानेही जोखीम टळत नाही. रूढ साच्यातील कॉनकॉर्ड हा खेळ सोनी कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसृत केला आणि दोनच आठवड्यांत मागे घेतला.

महाराष्ट्रात या दोन्ही वाटांची उदाहरणे आढळतात. फ्रान्समधील युबीसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये पुण्यातील एक निर्मितिकेंद्र ताब्यात घेतले. प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम या २००३ मधील खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबई येथील केंद्रे तयार करीत असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. प्रकाशन लांबत गेले, २०२२ मध्ये काम माँट्रिऑलकडे गेले आणि २०२६ मध्ये प्रकल्प रद्द झाला. याउलट पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) हा खेळ भारतीय पुराणकथांवर रचला. देवीने केलेले असुरांचे निर्दालन तुळजापूरच्या (धाराशिव जिल्हा) भवानीमुळे मराठी वाचकाला परिचित आहे. परदेशी खेळाडूला ते नवखे होते. या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा केलेला प्रयत्न अपुरा पडला. तरीही खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांसाठीच्या पुरस्काराचे त्यास नामांकन मिळाले.

जोखीम मर्यादित ठेवण्यासाठी आरंभी लहान गटाकडून नमुना तयार करून घेणे, अपुऱ्या अवस्थेतच तो खेळाडूंपुढे ठेवणे व कौल पाहून खर्च वाढविणे, हे उपाय योजतात. काही कंपन्या इतरांनी सिद्ध केलेले नावीन्य विकत घेतात. माइनक्राफ्टची निर्माती मोजँग ही संस्था मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये २५० कोटी डॉलरना घेतली. अशा व्यवहारात अपयशाचा धोका लहान निर्मात्याने आधीच पत्करलेला असतो. त्याची किंमत मोठी कंपनी यश दिसल्यावर मोजते.