तिखटाला थंडा उतारा!

आगरी मटणाबरोबर रेड वाइन नेली आणि पार फजिती झाली. मग चामटोलीच्या ओसरीवर उघडली ड्राय रीसलिंग...

रविवार सकाळ, कर्जत लोकल. सॅकमध्ये बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या आणि पोटात धाकधूक. निघाले होते बदलापूरजवळच्या चामटोलीला, मैत्रिणीच्या घरी. धाकधूक होती ती काकूंची.

झालं असं की, मागच्या डिसेंबरात आमचा ऑफिसचा ग्रुप तिच्याकडे जेवायला गेला होता. काकूंनी पहाटे उठून आगरी मटण, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या असा फर्मास बेत केला. मी ऐटीत एक महागडी रेड वाइन नेली. एक घास, एक घोट... आणि सगळ्यांच्या तोंडाला आग! ‘काकू, मटण जरा जास्तच तिखट झालंय का?’ कुणीतरी बोलून गेलं. काकूंचा चेहरा उतरला. तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की, त्या मसाला निम्माच घालतात, असं मैत्रिणीने परवा सांगितलं, तेव्हा मला फार लागलं. अहो, मटण तर त्या घरात नेहमी शिजतं तेच होतं. चुकली होती माझी बाटली!

आग लागते कशी?
मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटतं, तोच रिसेप्टर आपल्याला चटका बसल्याचंही सांगतो. म्हणून तिखट ‘भाजतं’. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं वैद्यकाचं नोबेल (विभागून) मिळालं. गंमत म्हणजे अल्कोहोल याच रिसेप्टरला आणखी हळवं करतं. त्यात रेड वाइनमधलं टॅनिन तोंड कोरडं पाडतं. थोडक्यात, साडेतेरा-चौदा टक्क्यांची दणदणीत रेड म्हणजे आगीत तेल!

मग रीसलिंगच का?
रीसलिंग हे मूळचं जर्मनीचं पांढरं द्राक्ष. त्याची लेखी नोंद थेट १४३५ सालची आहे. लिंबू, हिरवं सफरचंद असा तरतरीत स्वाद, भरपूर आंबटपणा, टॅनिन जवळपास नाहीच आणि बहुधा लाकडी पिंपाचा वासही नाही. आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो ना, तेच काम ही वाइन करते. शिवाय ती थंड प्यायची असते. गार घोटाने जिभेला तेवढाच आराम!

ड्राय म्हणजे ज्यात साखर जवळजवळ उरलेली नाही. जर्मन बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल, तर लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे थोडी जास्त, साधारण १८ ग्रॅमपर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या आणि फ्रान्सच्या अल्सासमधल्या रीसलिंगही बऱ्याचदा ड्राय असतात. माझ्याकडची एक बाटली ड्राय होती, १२ टक्क्यांची. दुसरी किंचित गोड, अल्कोहोल ९ टक्के.

ओसरीवरची परीक्षा
काकूंना आधीच बजावलं होतं, ‘मसाला कमी करायचा नाही हं!’ त्या म्हणाल्या, ‘बघ बाई, मग मला बोल लावू नको.’

सुरुवात बोंबील फ्रायने. वर कुरकुरीत, आत लोण्यासारखा. त्यावर ड्राय रीसलिंगचा घोट म्हणजे नुसती धमाल. तेल, मीठ, रवा सगळं साफ आणि दुसऱ्या तुकड्याला जीभ तयार! कोळंबीच्या कालवणाबरोबरही छान जमलं. चिंचेच्या आंबटपणापुढे कमी आंबट वाइन फिकी पडली असती, ही ताठ उभी राहिली.

मग आलं मटण. खरं सांगते, इथे ड्राय बाटली थोडी दमली. चव छान, पण तिखट काही शमेना. दुसरी, किंचित गोडसर बाटली उघडली आणि सगळे एकदम गप्प! साखरेने तिखटाची धार बोथट केली, आंबटपणाने रस्सा हलका केला आणि काकूंचा मसाला पहिल्यांदाच नीट ‘ऐकू’ आला. मिरचीच्या ठेच्यापुढे मात्र दोन्ही बाटल्यांनी हात टेकले. तिथे ताकच बरं.

नाशिक आहे की!
इम्पोर्टेड बाटलीवर खिसा रिकामा करायलाच हवा असं नाही. २०००मध्ये पहिली वाइन बाजारात आणणाऱ्या नाशिकच्या सुलाने पुढे रीसलिंगही काढली. ती मिळाली नाही, तर त्यांची शेनिन ब्लाँकही तिखटाबरोबर चालते. ती थोडी गोडसर असते, म्हणजे मटणाची सोय झाली!

लक्षात ठेवा
• तळलेली मासळी, भजी, कोळंबी : ड्राय रीसलिंग.
• झणझणीत रस्सा, मिसळ : थोडी गोडसर, अल्कोहोल कमी.
• लेबलवरचा टक्का वाचा. सहसा ८-१० टक्के म्हणजे गोडसर, ११च्या पुढे ड्राय.
• ८ ते १० अंशांवर गार करा. फ्रिजमध्ये दोन-तीन तास पुरे.
• येताना लोकल किंवा रिक्षा. स्टीअरिंगला हात नाही!

काकूंनी ग्लासला हातही लावला नाही. दाराशी उभ्या राहून आमचे चेहरे तेवढे वाचत होत्या. कुणी ‘पाणी, पाणी’ केलं नाही. पातेलं रिकामं झालं. निघताना भाकऱ्यांची पुरचुंडी हातात देत म्हणाल्या, ‘पुढल्या वेळी ऑफिसवाल्यांना पण आण. मसाला पूर्ण घालीन.’

बाटली माझ्याकडे लागली, काकू!