तक्त्यातली तिसरी ओळ

मार्च २०२०ची सुरुवात. लंडनच्या एका बसमध्ये दोघांची गाठ पडली: ऑक्सफर्डचे मार्टिन लँड्रे आणि वेलकम ट्रस्टचे प्रमुख जेरेमी फॅरर. इटलीतली रुग्णालयं तेव्हा ओसंडून वाहत होती. कोविडवर औषध कुणाकडेच नव्हतं, उपाय मात्र सगळ्यांकडे होते. कुणी मलेरियाच्या गोळ्या देत होतं, कुणी एचआयव्हीची औषधं, कुणी स्टेरॉइड. रुग्ण बरा झाला की श्रेय औषधाला, दगावला की दोष रोगाला. असा हिशेब वर्षभर चालला असता तरी हाती काही लागलं नसतं.

त्या भेटीनंतर लँड्रे यांनी ऑक्सफर्डच्याच पीटर हॉर्बी यांच्यासोबत ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी उभी केली. १० मार्चला आराखड्याचा पहिला मसुदा झाला आणि १९ मार्चला पहिला रुग्ण दाखल झाला. एरवी या कामात महिनेच्या महिने जातात. दमलेल्या डॉक्टरला झेपावं म्हणून सगळं अगदी सुटसुटीत ठेवलं होतं. रुग्णाची संमती घ्यायची, संगणकात थोडी माहिती भरायची. औषध कोणतं, की नेहमीचेच उपचार, हे संगणक चिठ्ठी टाकून ठरवणार. ऐकायला हे निर्दय वाटतं. पण निवड डॉक्टरवर सोडली, तर तो साहजिकच जास्त अत्यवस्थ माणसाला औषध देतो, आणि मग औषधानं काय केलं अन् रोगानं काय, हे कधीच वेगळं काढता येत नाही.

डेक्सामेथासोनबद्दल आशेपेक्षा धास्तीच अधिक होती. हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. अंगात विषाणू असताना ते देणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या! जागतिक आरोग्य संघटनेनंही सरसकट वापर नको, असंच सांगितलं होतं. चाचणी सुरू असताना आकडे खुद्द लँड्रे-हॉर्बींनाही दिसत नव्हते. ते पाहायची मुभा फक्त एका स्वतंत्र समितीला होती.

५ जूनला पहिला निकाल आला: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन निरुपयोगी. मग १६ जूनला डेक्सामेथासोनचा. २,१०४ रुग्णांना रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. तुलनेला नेहमीचे उपचार घेणारे ४,३२१. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२वरून २३.३वर.

आणि तिसरी ओळ. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर १४ टक्के दगावले, डेक्सामेथासोनवर १७.८. अपाय झालाच, असं छातीठोकपणे म्हणण्याइतका हा फरक पक्का नव्हता. फायद्याचा मात्र मागमूस नव्हता. पहिल्या दिवसांत लढाई विषाणूशी असते, तिथं प्रतिकारशक्ती हवी. पुढं तीच शक्ती बेभान होऊन फुप्फुसांवर उलटते, तेव्हा तिला आवरावं लागतं. माझ्या मते खरा शोध या सीमारेषेचा. औषध तर पन्नासहून अधिक वर्षं कपाटात पडूनच होतं.

२७ जूनला भारताच्या आरोग्य मंत्रालयानं डेक्सामेथासोन उपचारपद्धतीत घेतलं. आपल्याकडं ‘डेक्सा’ तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं, त्यामुळं परवाना किंवा आयातीसाठी खोळंबा नव्हता. पण पहिल्या दोन ओळींनी एवढा दिलासा दिला, की तिसरी वाचायला कुणी थांबेना. ताप आल्या आल्या स्टेरॉइड सुरू झाली, कुठं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून, कुठं डॉक्टरच्याच घाईतून.

मग नाक आणि डोळ्यांत शिरणारी बुरशी आली. म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या या बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. तिला वाढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती मिळाली की ती हाडं पोखरते. मधुमेह आपल्याकडं आधीच घरोघरी, त्यात स्टेरॉइड साखर आणखी चढवतं. २०२१च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते आणि शल्यविशारद जबडे, डोळे काढत होते. इशारा मात्र आधीच्या रुग्णांतच दडलेला होता. देशातल्या १६ केंद्रांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले रुग्ण तपासले, तर म्युकर आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. त्यांतले १८७ कोविडशी जोडलेले. कोविडनंतर उशिरा म्युकर होण्याशी स्टेरॉइडच्या अयोग्य वापराचा संबंध ठळक दिसला.

ऑक्सफर्डच्या गटानं पुढं स्टेरॉइडची वाढीव मात्राही तपासली: व्हेंटिलेटरची गरज नसलेल्या, बिनऑक्सिजनच्या किंवा साध्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत. २०२३ मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या उपचारांवर १२ टक्के दगावले होते, वाढीव मात्रेवर १९ टक्के.