लेखांक ६ : चुकीच्या आडनावाचा निकाल

गेल्या आठवड्यात आपण न्यायाधीशांनी आश्रयाचा अर्ज फेटाळला, तिथं थांबलो होतो. आता वरचं कोर्ट, नवे न्यायाधीश आणि अर्जदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहून पहिल्यापासून सगळं सांगतोय, असं चित्र तुमच्या डोळ्यांपुढं आलं असेल तर ते पुसून टाका. अमेरिकेत हे अपील जातं व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्चला, ‘बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स’कडं. तिथं सहसा माणूस जात नाही, त्याचे कागद जातात.

हे बोर्ड म्हणजे हायकोर्ट नव्हे. अर्ज फेटाळणारे न्यायाधीश आणि बोर्डाचे सदस्य, दोघंही न्याय खात्यातले, ॲटर्नी जनरलच्या हाताखालचे. तहसीलदाराच्या निकालावर प्रांताकडं अपील करावं, तसा हा मामला.

अपिलाची मुदत दीर्घकाळ ३० दिवसांची राहिली. एवढ्या दिवसांत अर्ज बोर्डाच्या कचेरीत पोचला पाहिजे; वेळेत टपालात टाकला होता, म्हणून भागत नाही. विलंबमाफीच्या भरवशावर राहायची आपली सवय इथं घात करते. फी ११० डॉलर होती, तीत २०२५च्या कायद्यानं एकदम ९०० डॉलरची भर घातली. वकील हवा तर स्वतःच्या खर्चानं, सरकार देत नाही. दिलासा एकच, पण मोठा: वेळेत दाखल केलेल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत माणसाला देशाबाहेर काढता येत नाही.

बोर्डापुढं मुख्य कागद असतो तो सुनावणीच्या ध्वनिमुद्रणावरून टाइप केलेल्या जबानीचा. अर्जदार आपल्या भाषेत काय बोलला ते त्यात नसतं. दुभाष्यानं इंग्रजीत जे सांगितलं तेवढंच असतं. नेमक्या मोक्याच्या उत्तरात कंसात ‘नीट ऐकू आलं नाही’ असंही टाइप केलेलं सापडतं. हुंदका आला, थांबला, पाणी मागितलं, यातलं फारसं काही कागदावर उतरत नाही. वकील या पानांवर बोट ठेवून न्यायाधीश कुठं चुकले ते लेखी मांडतो. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढं लिहून काही होत नाही.

हे कसं चालतं ते फौझिया कासिंजाच्या प्रकरणात दिसतं. ही टोगोतली मुलगी. वडील होते तोवर त्यांनी तिला जमातीतल्या खतन्याच्या प्रथेपासून वाचवलं. ते गेल्यावर घर आत्याच्या हाती आलं आणि आईला बाहेर पडावं लागलं. आत्यानं फौझियाचं लग्न तीन बायका असलेल्या ४५ वर्षांच्या माणसाशी ठरवलं. खतनाही व्हायचा होता. बहिणीच्या मदतीनं ती पळाली, जर्मनीमार्गे डिसेंबर १९९४मध्ये नेवार्क विमानतळावर उतरली. हातात दुसरीच्या नावाचा ब्रिटिश पासपोर्ट होता, पण उतरल्या उतरल्या तिनं खरं सांगून आश्रय मागितला. वय १७. रवानगी थेट कोठडीत.

ऑगस्ट १९९५मध्ये न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. तिच्या सांगण्यावर त्यांचा विश्वासच बसला नाही. त्यांना खटकलेल्या गोष्टींतली एक म्हणजे, हिला आपली आई सध्या कुठं आहे ते ठाऊक नाही! घरातून घालवलेल्या बाईचा ठावठिकाणा परदेशात कोंडलेल्या मुलीला कसा कळावा, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

बोर्डापुढं कॅरेन मुसालो या वकिलांनी बाजू मांडली. एव्हाना वृत्तपत्रांत बोभाटा झाला होता आणि १६ महिन्यांनी तिची सुटकाही झाली होती. प्रकरण परत खाली पाठवा, असं इमिग्रेशन खात्याचं म्हणणं होतं. बोर्डानं ते मानलं नाही. तीच जबानी वाचून, तिचं स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे असं ठरवत १३ जून १९९६ला तिला आश्रय दिला. खतना हा छळ आहे, हा पुढं नेहमी आधार घेतला जाणारा दाखला त्यातूनच निघाला. अधिकाऱ्यानं तिचं आडनाव चुकीचं लिहिलं होतं, त्यामुळं निकालावर आजही ‘कासिंगा’ आहे.

पण या निकालावर विसंबणाऱ्या अर्जदारानं एक साल ध्यानात ठेवावं. २००२मध्ये नियम बदलले. तेव्हापासून साक्षीदार खरा की खोटा याबद्दल खालच्या न्यायाधीशांचं मत, त्यांची चूक उघड दिसत असेल तरच बोर्डाला फिरवता येतं. ‘आम्हाला वेगळं वाटतं’ हे पुरत नाही. सदस्यसंख्या २३वरून ११वर आणली, आणि पुष्कळ अपिलं एकट्या सदस्यापुढं जाऊ लागली. फौझियाचे कागद दहा वर्षांनी फॉल्स चर्चला पोचले असते तर? माझ्या मते, तिच्या वकिलांना ती आईची गोष्ट फार जड गेली असती.

बोर्डानंही नाही म्हटलं तर ३० दिवसांत फेडरल अपील कोर्टात जाता येतं. न्याय खात्याबाहेरचे न्यायाधीश अर्जदाराला इथं पहिल्यांदा भेटतात. मात्र आपोआप मिळालेली स्थगिती बोर्डापाशीच संपलेली असते. कोर्टात अर्ज पडून असताना माणूस विमानात बसवला जाऊ शकतो. ती स्थगिती वेगळी कशी मागायची, ते पुढच्या आठवड्यात.