एका आमदाराचा पक्ष

सांगोल्यात देशमुखांच्या घरातला माणूस आमदार होणे ही काही बातमी नव्हे. गणपतराव देशमुख 1962 मध्ये पहिल्यांदा निवडून आले. 1972 आणि 1995 हे दोन पराभव वगळता 2019 पर्यंत तेच आमदार, एकूण अकरा वेळा. बातमी वेगळीच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख विजयी झाले, तेव्हा 288 जणांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे ते एकटेच होते. रायगडच्या बालेकिल्ल्यात पक्षाला भोपळाही फोडता आला नव्हता.

आजोबांच्या पुण्याईवर नातू आला, असे म्हणणे सोपे आहे. पण सांगोल्याचा मतदार इतका भाबडा नाही. 1995 मध्ये खुद्द गणपतरावांना शहाजीबापू पाटलांनी 192 मतांनी पाडले होते. वयोमानामुळे ते 2019 मध्ये थांबले आणि त्यांचे दुसरे नातू अनिकेत रिंगणात उतरले, तेव्हा त्याच शहाजीबापूंनी 768 मतांनी बाजी मारली. पुढे शिवसेनेतल्या फुटीवेळी गुवाहाटीहून फोनवर बोललेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे बापू राज्यभर गाजले. 2024 मध्ये त्यांच्याविरुद्ध महाविकास आघाडीतल्या ठाकरेंच्या शिवसेनेचाही उमेदवार होता. म्हणजे विरोधी मते फुटणार हे उघडच होते. तरीही बाबासाहेबांनी पंचवीस हजारांहून अधिक मतांची आघाडी घेतली.

गुलाल उधळून झाला की खरी अडचण सुरू होते. मोठ्या चर्चांत बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटली जाते. समित्यांवरच्या जागांचेही तेच. या सभागृहात विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचेच वीस आमदार आहेत; मग एकट्याच्या वाट्याला काय येणार? एक सोय मात्र आहे: व्हिप काढणाराही तोच आणि पाळणाराही तोच.

अशा आमदाराला कामकाजाचे नियम तोंडपाठ हवेत. जिथे पक्ष नव्हे, सभासद मोजला जातो अशी काही आयुधे आहेत. तारांकित प्रश्न लेखी द्यायचा. तो यादीत वर आला तर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते, वर उपप्रश्नही येतात. उत्तर गुळमुळीत आले तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीच्या विषयाला लक्षवेधी सूचना, आणि शुक्रवारी अशासकीय विधेयके. ती सहसा मंजूर होत नाहीत, पण विषय नोंदीवर येतो. मतदारसंघात मात्र आमदाराचे मोजमाप लग्नातली हजेरी आणि शिफारसपत्रे यांवर होते, हेही खरे.

गणपतरावांनी ही आयुधे दुष्काळासाठी परजली. माणदेशातल्या तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने त्यांनी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. आज सांगोल्याला टेंभू, म्हैसाळ आणि नीरा उजवा कालवा अशा वेगवेगळ्या वाटांनी पाणी येते. पण तालुका बहुतेक ठिकाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. वर कुणी गेट उघडले, कुणी दाबून ठेवले, यावर इथल्या डाळिंबाचा बहर ठरतो. आणि या बागा आधीच तेल्या रोगाने नि खोडकिड्याने मोडल्या आहेत.

आमदार निधी वर्षाला पाच कोटी. त्यातून सभामंडप होतो, रस्त्याचा तुकडा होतो; उपसा सिंचन चालत नाही. टेंभू-म्हैसाळच्या वीजबिलाचे 81 टक्के सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे, असे सूत्र आहे. आवर्तन कधी सुटणार, टेलपर्यंत किती पोहोचणार, याचे निर्णय कालवा सल्लागार समितीत, जलसंपदा खात्यात आणि मंत्र्यांच्या दालनात होतात. तिथे वरच्या तालुक्यांतले आमदारही बसलेले असतात, आणि त्यांच्यामागे सत्तेतले मोठे पक्ष असतात. नव्या आमदाराची कसोटी सभागृहातल्या भाषणापेक्षा या बैठकांत जास्त लागणार आहे. त्या वर्तमानपत्रात फारशा येत नाहीत. उन्हाळी आवर्तन चुकले की मात्र तालुकाभर त्यांचीच चर्चा असते.